'आई बुद्रुक'ची भाषा

टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या सातारच्या, यजमान इराणमधल्या इस्फहानचे. ओळख पुण्यात, कॉलेजात झाली. अकरा वर्षांची एकुलती एक लेक आहे. तिला बाबांची फारसी सगळी समजते, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. तीन वर्षं दर शनिवारी सकाळी फारसीच्या वर्गाला जाते, आणि आता शुक्रवार रात्रीपासून 'मी जाणार नाही' म्हणून रडारड सुरू होते. गेल्या नवरोझला, म्हणजे इराणी नववर्षाला, व्हिडिओ कॉलवर ती इस्फहानच्या आजीशी एक वाक्य फारसीत बोलली, त्यात चुकली, पलीकडे जमलेली सगळी मंडळी हसली. तेव्हापासून तिने फारसीत तोंड उघडलेलं नाही. यजमानांना वाटतं, पोरगी हातातून निसटली. वर्गातल्या बाई म्हणाल्या की घरात भाषा फार झाल्यात, एखादी कमी करा. म्हणून ताईंनी वर्षभर लेकीशी मराठी बोलणंही बंद केलं आहे. 'एवढं करूनही तिला फारसी येत नाही. वर्ग थांबवावा का? की आम्हाला उशीरच झाला?' असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती शेवटच्या कंसापाशी. लेक नेमकं काय चुकली, ते तुम्ही तिथे जाता जाता लिहिलं आहे: आजीला 'शोमा' म्हणायचं तर ती 'तो' म्हणाली. इतर वाचकांसाठी सांगते, फारसीतला 'तो' म्हणजे आपला 'तू' आणि 'शोमा' म्हणजे 'तुम्ही'. जुन्या वळणाच्या घरात आजीला 'तो' म्हटलं तर लोक हसणारच.

पण तुमची लेक साताऱ्याच्या आजीला काय म्हणते? 'आजी, तू जेवलीस का?' असंच ना? मराठीत आई तू, आजी तू, विठोबासुद्धा तू. पोरीने आजीला जे म्हणायचं असतं तेच म्हटलं, फक्त शब्द फारसी घातला. दोन आज्यांना तिने एका पंगतीत बसवलं, आणि समोरचं सगळं घर खो खो हसलं. घरची मंडळी का हसली हे तिला कोणी समजावून सांगितलं का? तुमच्या पत्रात तसं दिसत नाही.

हे मला एवढं लागलं त्याला कारण आहे. माझी आई मडगावची. सुट्टीत आजोळी गेले की मी मावसभावंडांत बसून सगळं कोंकणी ऐकायची, सगळं कळायचं. एकदा धीर करून 'म्हाका जाय'च्या (मला हवं) जागी 'मला जाय' म्हणाले. पुढची दोन वर्षं मला त्याच नावाने हाक मारत होते. प्रेमानेच हो! आज साठी ओलांडली, कोंकणी नाटक मी पहिल्या रांगेत बसून समजून घेते, आणि मावशीशी फोनवर मराठीच बोलते. तेव्हा 'येत नाही' हा शब्द वापरताना जरा जपून. तुमच्या लेकीला बाबांचं रागावणं, आजीचं 'घोर्बूनेत बेरम' (आपण 'ओवाळून टाकते' म्हणतो ना, त्याच जातीचं), आत्याच्या चहाड्या, सगळं कळतं. भाषेचं घर तिच्याजवळ आहे. त्याचं दार आतून लागलेलं आहे, आणि ते कोणामुळे लागलं हे आपल्याला माहीत आहे.

आता वर्गाविषयी. तीन वर्षं जाऊनही प्रगती का नाही, याचं खापर तुम्ही पोरीवर आणि स्वतःवर फोडलं आहे. थोडं फारसीवरही फोडा. बोलायची फारसी आणि लिहायची फारसी यांत बरंच अंतर आहे. आपल्याकडे बोलताना 'केलं' आणि पुस्तकात 'केले', एवढ्यावर निभावतं. फारसीत घरी जो 'नून' खाल्ला तो पुस्तकात 'नान' होतो, घरची 'खूने' पुस्तकात 'खाने' होते, 'मी जाते' हे घरी 'मीरम' आणि पुस्तकात 'मीरवम'. त्यात यजमान इस्फहानी वळणाने बोलत असतील, तर 'छान आहे' म्हणायला तेहरानची माणसं म्हणतात 'खूबे' आणि ते म्हणतात 'खूबेस'. वर्गात पोरीने तो 'स' लावला की बाई खोडून काढत असणार. म्हणजे बाबांकडून जी भाषा फुकट मिळाली, ती शनिवारी सकाळी चूक ठरते. अकरा वर्षांच्या मुलीने यातून काय निष्कर्ष काढावा?

लिपीची कथा तर वेगळीच. अक्षरं बत्तीस, पण 'झ'च्या उच्चाराला त्यातली चार आणि 'स'ला तीन. आणि ऱ्हस्व स्वर लिहायचेच नाहीत. क-र-म एवढंच लिहिलं तर ते 'केर्म' म्हणजे अळी, 'केरेम' म्हणजे तोंडाला लावायचं क्रीम किंवा 'करम' म्हणजे औदार्य, यातलं काहीही असू शकतं. शब्द आधीच ठाऊक असेल तरच वाचता येतो. ज्या मुलीच्या कानात फारसी भरलेली आहे तिला हे जमेल, पण त्यासाठी तिने आधी ओठांवर ती खेळवलेली असावी लागते. तिथे तर कुलूप आहे.

म्हणून माझं मत सरळ सांगते. चालू सत्र संपेपर्यंत बाईंना सांगून तिला गृहपाठातून मोकळीक घ्या, आणि मग उन्हाळ्यापासून वर्षभर वर्गाला सुट्टी द्या. कायमची सुट्टी मात्र देऊ नका. ओंटारियोत १९७७ पासून शाळामंडळांमार्फत वारसाभाषांचे वर्ग चालतात, आणि हायस्कूलमध्ये अशा भाषेचं क्रेडिटही घेता येतं. चौदा-पंधराव्या वर्षी, स्वतःच्या फायद्यासाठी आणि स्वतःच्या निवडीने, हीच मुलगी हीच लिपी सहा महिन्यांत शिकेल. तोवर चुलतभावंडांना तिला रोमन अक्षरांत फारसी निरोप पाठवू द्या. इराणी पोरं सर्रास तसं लिहितात. यजमान नाकं मुरडतील, मुरडू देत.

पण वर्गाची सुट्टी म्हणजे फारसीची सुट्टी नव्हे. इथे मला तुम्हाला एक आगाऊ प्रश्न विचारायचा आहे. शनिवारी वर्गाला गाडी कोण चालवतं? डबा कोण भरतं, गृहपाठाला कोण बसवतं, रडणं कोण झेलतं? तुमच्या पत्रात या सगळ्या क्रियापदांचा कर्ता 'मी' आहे. आणि यजमान? ते कामावरून दमून येतात आणि 'सोपं पडतं म्हणून' लेकीशी इंग्रजीत बोलतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे इस्फहानची भाषा टिकवायचं कंत्राट सातारच्या सुनेकडे! ताई, हे जमणार नाही, आणि न जमल्याचा दोष तुमचा नाही. घरात फारसी ज्याच्या तोंडी आहे, त्याने ती बोलली पाहिजे. रोज अर्धा तास, भांडी लावताना, गाडीत, कुठेही. उत्तर इंग्रजीत आलं तरी स्वतःची फारसी सोडायची नाही. ती चुकली तर थांबवून दुरुस्त करायचं नाही, तेच वाक्य बरोबर करून आपल्या उत्तरात घालायचं, आणि पुढे जायचं.

'पोरगी हातातून निसटली' हे त्यांचं वाक्य मला राग कमी आणि दुःख जास्त वाटलं. २०१२ पासून कॅनडा आणि इराण यांचे एकमेकांच्या देशांत दूतावास नाहीत. आजीला नातीकडे यायचं तर व्हिसासाठी तिसऱ्या देशाच्या खेपा, हे तुम्ही लिहिलंच आहे. आईला भेटता येत नाही, निदान आईची भाषा तरी लेकीच्या तोंडून ऐकू यावी, अशी त्यांची ओढ असेल. त्यांना ते एकदा बोलून दाखवू द्या. पण ती ओढ एका अकरा वर्षांच्या मुलीच्या शनिवारवर लादू नये, हेही त्यांना सांगा. त्यांना हवं आहे की तिने हाफिजसारखा थोर फारसी कवी वाचावा. तिला कदाचित आजीला 'माझा दात पडला' एवढंच सांगायचं होतं. दोन्ही हेतू चांगले आहेत, पण आधी दाताचा नंबर लागतो.

आणि सासरच्या मंडळींशी हसण्याबद्दल बोलायचं ते यजमानांनीच. सुनेने सांगितलं तर त्याचा भलताच अर्थ निघेल. इराणी घरांतला शिष्टाचार आपल्यापेक्षा चार बोटं वरच आहे.

आता तुमच्या मराठीकडे येते, कारण पत्रातली सर्वांत चुकीची गोष्ट मला तीच वाटली. बाईंचा हेतू चांगला असेल, सल्ला चांगला नव्हता. भाषा म्हणजे काही फडताळ नव्हे की एक डबा काढला की दुसऱ्याला जागा होते. बेळगावात जाऊन पाहा, भाजीवाल्याशी कानडी, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, सिनेमाला हिंदी, आणि पोरं ठणठणीत. वर्षभर तुम्ही मराठी गिळून बसलात. त्या रिकाम्या जागेत फारसी आली का? तुमच्याच पत्रावरून दिसतं की इंग्रजी आली.

उलट मला तर वाटतं की घरात फारसीकडे जायची जवळची वाट तुमच्याकडेच आहे. हजार, कागद, दरवाजा, जमीन, पनीर हे शब्द तुम्ही आणि यजमान थोड्या उच्चारभेदाने सारखेच वापरता. साताऱ्यात खाल्लेला बेदाणा म्हणजे फारसीत 'बी-दाने', ज्यात बी नाही असा. आपण 'दिमाख' मिरवतो. आजच्या इराणात 'दमाग' म्हणजे चक्क नाक. (नाक वर करून चालणाऱ्यांना दोन्ही भाषा लागू.) आपण 'खस्ता खाल्ल्या' म्हणतो, त्यातली खस्ता म्हणजे तिकडची दमणूक. हे शब्द शोधून काढायचं काम आपल्याकडे हौसेने झालेलं आहे. कवी माधव जूलियन, म्हणजे फारसी शिकवणारे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोशच केला. आणि नाती? इंग्रजीतल्या एका 'आंट'मध्ये तुमच्या लेकीची आत्या आणि मावशी दोघी कोंबलेल्या आहेत. फारसीत आत्या 'अम्मे', मावशी 'खाले', काका 'अमू' आणि मामा 'दायी'. चारही खोल्या मराठीसारख्या वेगवेगळ्या.

माझा आवडता शब्द मात्र राखून ठेवला होता. पुण्यात शिकत होतात तर सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द या पाट्या पाहिल्या असतीलच. बुद्रुक म्हणजे फारसी 'बोझोर्ग', मोठं. खुर्द म्हणजे लहान. सुट्या पैशांचा आपला खुर्दा तोच. आणि फारसीत आजीला म्हणतात 'मादरबोझोर्ग'. म्हणजे तुमच्या सासूबाई शब्दशः 'आई बुद्रुक' झाल्या! हे लेकीला सांगा आणि तिचा चेहरा पाहा. मग तिने विचारलं की मी कोण, तर 'खुर्द' तयारच आहे.

तुम्हाला स्वतःला फारसी किती येते हे पत्रात नाही. जेमतेम येत असेल तर उत्तम. तुम्ही लेकीच्या देखत शिकायला लागा आणि तिच्या देखत चुका. हसण्याचा मान काही दिवस तुम्ही घ्या. नवरोबांनाही यात ओढा: फारसीत लिंगभेद नाही, आपल्या मराठी 'तो' आणि 'ती' दोघांनाही एकच 'ऊ', त्यामुळे त्यांचं मराठी 'भाजी चांगला झाला' या वळणाचं असणार, पैजेवर सांगते. चुकणारा बाप आणि चुकणारी आई घरात असली की चुकणारी मुलगी एकटी पडत नाही.

कामं देताना तिच्या कानाचा उपयोग होईल अशी द्या, कारण ती तिची जमेची बाजू आहे. आजीसमोर तिला 'काहीतरी बोल ना फारसीत' म्हणून उभं करू नका, ते पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावण्यासारखंच आहे. त्याऐवजी फोन ओट्यावर टेकवा, आजीला 'तहदीग' कसा करायचा ते सांगू द्या. भाताच्या तळाशी धरलेली ती सोनेरी खरवड, तिच्यावरून इराणी घरात भांडणं होतात. पलीकडून आजी 'आता झाकण ठेव, आता आच कमी कर' म्हणेल आणि इकडे पोरगी करेल. तिच्याकडून एक शब्दही आला नाही तरी अर्धा तास फारसीत गेला. यलदाच्या रात्री, डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्री, डाळिंब सोलत बसाल तेव्हा बाबांनी हाफिज उघडून तिच्या नावाने 'फाल' काढावा, म्हणजे कौल लावावा, आणि त्याचा अर्थ आजीने फोनवर सांगावा. हाफिजची हौसही तिथेच फिटेल. आणि यंग स्ट्रीटवर इराणी दुकानांची रांग तुमच्या हाताशी आहे. 'संगक' रोटी आणायला तिला काउंटरवर एकटी पाठवा. तिने निघताना भट्टीवाल्याला 'खस्ते नबाशीद' म्हणावं, दमू नका म्हणून. अनोळखी माणूस हसत नाही, खूश होतो. कधी कधी एक रोटी जास्त देतो.

उशीर झाला का, हे तुम्ही विचारलंत. तुमच्या घरात नाही. पण उशीर कसा होतो ते आपण पुण्या-मुंबईत पाहिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझदच्या आसपासच्या खेड्यांतून जी झरतुष्ट्री इराणी कुटुंबं इथे आली, त्यांच्या घरची भाषा दरी. अफगाणिस्तानातल्या दरीशी नाव सारखं, पण ही वेगळी, आणि तेहरानच्या फारसीहूनही वेगळी. त्यांच्या हॉटेलांतला चहा आणि बनमस्का आपल्याला पाठ आहे. ती भाषा कानावर पडल्याचं कोणाला आठवतंय? गल्ल्यावर मराठी-हिंदी, समाजात गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि दरी स्वयंपाकघरात म्हाताऱ्या बायकांपाशी राहिली. सोडायचं असं कोणी ठरवलं नव्हतं.

हे उत्तर आणखी काही घरांत वाचलं जाईल याची मला कल्पना आहे. जर्मनीतल्या मराठी आया, दुबईतले कोंकणी बाप मला अशीच पत्रं लिहितात. मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर वर्गाच्या भानगडीत पडू नका, नुसतं बोला, अखंड बोला. पंधरा-सोळाचं असेल तर आग्रह सोडा आणि त्याला आजोळी एकटं पाठवा, जमलं तर महिनाभर. मधल्या वयाला, म्हणजे ताईंच्या लेकीच्या वयाला, सर्वांत जास्त भीती हसं होण्याची असते, आणि तिथे शिक्षकापेक्षा घरच्यांची शिकवणी आधी घ्यावी लागते.

तर आज रात्री दोन गोष्टी करा. लेकीशी मराठीत बोला. वर्षभर का थांबला होतात तेही मराठीतच सांगा, ती समजेल. आणि यजमानांना सांगा, इस्फहानला फोन लावून आजींनाच विचारा, 'तो' चालेल की 'शोमा'च हवं? लाडाच्या नातवंडांचं 'तो' चालवून घेणारी घरंही इराणात आहेत. आजी 'चालेल' म्हणाल्या, तर लेकीचं ते वाक्य मुळात चुकलंच नव्हतं, आणि हे तिला आजीच्याच तोंडून ऐकू द्या. 'शोमा'च हवं म्हणाल्या, तर तसं. फक्त मग शिस्तीच्या भरात तिने साताऱ्याच्या आजीलाही 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली, तर तिकडून मला जे पत्र येईल त्याला मी जबाबदार नाही.